डॉन गेणू, निधन १९८७

दुकानाचं नाव आबांनी गोणीत भरून नेलं.

असं काही झालेलं नाही. वरचं वाक्य चुकून आलं. वाचलं असेल तर विसरून जा. आपण गुरुवारी सकाळपासून सुरू करू. तेव्हा नाव बोर्डावर होतं, आबा जिवंत होते आणि मी बऱ्यापैकी सज्जन माणूस होतो.

मी संदेश, राहणार पवनानगर. लोणावळ्यात जुन्या हायवेला चिक्कीच्या सतरा दुकानांची रांग आहे. सतराही मूळ, सतराही एकमेव, आणि कुणाचीच कुठेही शाखा नाही. त्या रांगेच्या शेवटी आमचं मेक्सिकन दुकान आहे, आणि आमच्या मात्र शाखा आहेत : दुसरी वराळ्याला, तिसरी सुदुंबऱ्याला. हॉटेल म्हणावं तर वेटर नाही, गाडा म्हणावं तर एसी आहे. गिऱ्हाईक काचेपुढं उभं राहून बोट दाखवत सरकतं. हा भात, तो राजमा, ते भाजलेलं कणीस. शेवटी आम्ही सगळं एका मोठ्या पोळीत गुंडाळून त्याच्या हातात देतो. याला बरिटो म्हणतात. सुदुंबऱ्याचे कंपनीतले कामगार याला 'डबा' म्हणतात, आणि तेच जास्त बरोबर आहे.

पोळ्या रुमाईसाच्या. ती माझी भागीदार आणि कॉलेजपासूनची मैत्रीण. लोणावळ्याच्या बाजारात तिच्या घरची बेकरी आहे. कणीस आबांचं. आबा म्हणजे माझे आजोबा, गेणू. भुशी डॅमच्या रस्त्यावर त्यांनी पस्तीस-एक वर्षं शेगडीवर कणसं भाजली. लिंबू, मीठ, तिखट आणि आणखी एक काहीतरी, जे ते सांगत नाहीत. वडील मी दहावीत असताना गेले. त्यानंतरचा मी सगळा त्या कणसांवर वाढलेला आहे. म्हणून दुकानाला नाव दिलं 'डॉन गेणू'. डॉन म्हणजे तिकडे आदराने म्हणतात तसं; आपल्याकडचं गेणूभाऊ. आबांना नाव आवडलं. ते म्हणाले, "भाऊच का न्हाई लिवलं?" म्हणजे आवडलं.

मग राजेश्वरी मॅडम आल्या. पुण्याच्या, धंद्यात पैसे गुंतवणाऱ्या. त्यांना आमच्या तीन शाखांच्या तीस करायच्या होत्या. त्यांनी बरिटो खाल्ला, मान डोलावली आणि म्हणाल्या, "चव आहे. ओळख नाही. याच्यामागे गोष्ट काय आहे?"

मी खरी गोष्ट सांगितली. त्यांनी सहानुभूतीने ऐकून घेतली आणि महिन्याभराने त्यांच्या लोकांनी दुरुस्त करून पाठवली. तीन शाखांच्या तीन भिंतींवर लावायची होती :

'डॉन गेणू मक्याचं बी खिशात घालून मेक्सिकोच्या डोंगरातून सह्याद्रीत आले. १९८७ साली लोणावळ्यात त्यांचं निधन झालं. त्यांची शेगडी अजून विझलेली नाही.'

"निधन कशाला?" मी विचारलं होतं.

"संस्थापक गेलेला बरा असतो," मॅडम म्हणाल्या. "जिवंत संस्थापक मध्येच मत बदलतो."

सत्त्याऐंशी हे साल मीच दिलेलं. एखादं महत्त्वाचं साल सांगा म्हणाले होते.

हे सगळं मी आबांना वाचून दाखवलं. ते कणसाची सालं काढत होते. सोलून झालेलं कणीस बाजूला ठेवून म्हणाले, "नाव घे. तुजंच हाय. फकस्त ती गोष्ट बदल. मी मेक्सिकोचा न्हाई, आनी मेलेला तर आजिबातच न्हाई."

"बदलतो," मी म्हणालो.

बदलली नाही. बुधवारी संध्याकाळी तिन्ही भिंतींवर ती गोष्ट लागली; ते काम बघत मी रात्री लोणावळ्यातच मित्राकडे राहिलो. सोबत आबांचा मोठा फोटो. मागच्या वर्षी गंमत म्हणून रुंद काठाची टोपी घालून काढलेला. फोटोत आबा हसत नाहीत. त्यामुळे ते एकदम मेक्सिकन दिसतात.

गुरुवारी बारा वाजता मॅडम सह्या करायला येणार होत्या. नाव आणि चेहरा व्यापारचिन्ह म्हणून नोंदवायचा तर ज्याचा आहे त्याची लेखी संमती लागते. माणूस जिवंत असेल तर त्याची, गेला असेल तर वारसाची. आबांना मी अकराला बोलावलं होतं. विचार असा, की आधी सही घ्यायची आणि भिंत नंतर दाखवायची.

आता पप्पू. पप्पू पन्नास वर्षांचे आहेत, पण नाव बदलायला त्यांना वेळ मिळालेला नाही. आमच्याकडे येण्याआधी ते वीस वर्षं एका चिक्कीच्या दुकानात होते. तिथं रोज सकाळी शटर उघडलं, की गल्ल्यामागच्या संस्थापकाच्या फोटोला ताजा हार, गंधाचा टिळा आणि उदबत्ती. गुरुवारी त्यांनी आमचं शटर उघडलं. समोर संस्थापकाचा फोटो. खाली लिहिलेलं, निधन १९८७. पप्पूंनी फुलवाल्याकडून झेंडूचा हार आणला, चढवला, टिळा लावला, उदबत्ती पेटवली आणि कांदा चिरायला बसले. त्यांच्या बाजूने यात एकही चूक नाही.

साडेआठला पवनानगरहून मारुतीचा टेम्पो भाजी घेऊन आला. मारुतीनं काल दुपारीच आबांना पारावर बसलेलं पाहिलं होतं. आज त्यांच्या फोटोला हार. त्यानं टोपी काढली, नमस्कार केला आणि पप्पूंना काहीही विचारलं नाही. अशा वेळी विचारत नाहीत. टोमॅटो उतरवले आणि फोटोचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपचं नाव 'पवनानगर सुखदुःख'. त्यावर सुख क्वचित येतं.

मी साडेनवाला दुकानात पोचलो, तोवर एकशे बारा जणांनी हात जोडले होते.

मी पहिल्यांदा हसलो. खरंच. मग आबांना फोन लावला. बंद. यात नवीन काही नव्हतं. चार्जिंग वाचावं म्हणून आबा फोन बंदच ठेवतात, त्यांना बोलायचं असेल तेव्हाच चालू करतात. शेजारी फोन केला. शेजारी रडत म्हणाले, घराला कुलूप आहे, आम्हाला वाटलं बॉडी लोणावळ्यातच आहे.

तेव्हा हसू थांबलं. हार चुकून पडला होता, पण फोन खरोखर बंद होता आणि कुलूप खरोखर लागलेलं होतं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस पहाटे कुठे जातो?

"शेवटचं कधी बोललास?" रुमाईसानं विचारलं.

"काल. अकराला या म्हटलं."

"काय म्हणाले?"

"येतो म्हणाले. आधी जरा बघून येतो म्हणाले."

"काय बघून?"

मी विचारलंच नव्हतं. मी सहीच्या विचारात होतो.

त्यानंतर माझा फोन एक क्षण रिकामा राहिला नाही. दुःखात सहभागी असणारे लोक एकामागून एक येत होते आणि प्रत्येकाला मी सांगत होतो, "आबा गेलेले नाहीत." प्रत्येक जण म्हणत होता, "व्हय रं बाळा, अशी मानसं जात नसत्यात." मध्ये वराळ्याच्या शाखेतून चार आणि सुदुंबऱ्याहून तीन कॉल आले आणि कापले गेले. मला वाटलं, तेही सांत्वनालाच.

साडेदहाला पहिली जीप आली. जीपमधून धोंडाआत्या उतरल्या, मागून अठरा बायका. धोंडाआत्या आबांची थोरली बहीण. एकोणऐंशी वर्षांच्या. त्या दारात आल्या, फोटोकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि दुसऱ्या क्षणाला काउंटर ओलांडून स्वयंपाकघरात.

"ग्यास कुनी पेटवला?"

"आत्या, आबा गेले नाहीत," मी म्हणालो.

"कुटं हाय मग?"

त्यांनी माझ्याकडे दयेने बघितलं.

"धक्का बसलाय पोराला. बंद करा गं सगळं. दुकान त्याच्या नावाचं, म्हंजी घर त्याचंच. घरात मयत असल्यावं चूल पेटती व्हय?"

त्यांनी सिलिंडरचा नॉब स्वतः फिरवला. मग अठरा बायकांनी अठरा फडकी सोडली. ज्या घरची चूल बंद, त्या घरी भावकीनं भाकरी न्यायची. आमच्या काचेमागच्या बारा स्टीलच्या भांड्यांत, जिथं राजमा आणि सालसा असायचा, तिथं अकरा वाजता पिठलं होतं. शेजारी भाकऱ्यांची चळत, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि कांदे.

रुमाईसा ते बघत उभी होती. "संद्या," ती हळूच म्हणाली, "बारा वाजायला पाऊण तास आहे. मॅडमना फोन कर. आज नको म्हण."

"त्या पुण्याहून निघाल्यात."

"मग खरं सांग."

"काय खरं? आबा आहेत का नाहीत, हेच मला माहीत नाही."

तिनं तिच्या चुलतभावाला मोटरसायकल देऊन कामशेतला पिटाळलं, पवनानगरच्या जीप थांबतात तो स्टँड बघून ये म्हणून. मी तळेगावच्या दवाखान्यांना फोन लावत बसलो. चौथ्या दवाखान्यातल्या बाईनं विचारलं, "पेशंटच्या अंगावर काय खूण?" आणि मी म्हणालो, "उजव्या तळहातावर भाजल्याचे डाग, जुने, बरेच." पाचवा फोन लावला नाही.

मॅडम बाराला पाच कमी असताना आल्या. त्यांनी दारातली गर्दी पाहिली, हार पाहिला, पदर डोळ्यांना लावलेल्या बायका पाहिल्या आणि माझा दंड धरला.

"संदेश. हे तुम्ही केलंत?"

"नाही, म्हणजे..."

"सदतीस वर्षांनंतरही लोक रडतायत!" त्या म्हणाल्या. "ही ओळख. हे विकत घेता येत नाही."

धोंडाआत्यांनी त्यांच्या हातात भाकरी दिली. वर पिठलं, ठेचा, आणि ताटं नव्हती म्हणून गुंडाळी केलेली. मॅडमनी एक घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं, ते ठेच्याने, पण वातावरणात खपून गेलं.

"हे मेनूत कधी आलं?"

"आज सकाळी," रुमाईसा म्हणाली.

आम्ही मागच्या छोट्या खोलीत बसलो. स्वयंपाकघराला लागून, माल ठेवायची. पोत्यांवर. मॅडमनी संमतीपत्र काढलं. 'मी, गेणू...' आणि खाली दोन रेघा. एका रेघेखाली 'स्वतः', दुसरीखाली 'वारस'.

"ते आलेत?"

"नाही. फोन लागत नाहीये."

"संदेश, एक विचारू? बाहेर जे चाललंय, ते खरं आहे का?"

मी म्हणालो, "माहीत नाही." हे त्या दिवशी मी बोललेलं शेवटचं खरं वाक्य.

मॅडमनी भाकरी खाली ठेवली. त्या वाईट बाई नाहीत. त्या म्हणाल्या, "तसं असेल तर मला फार वाईट वाटतंय. आणि तसं असेल, तर कायद्यानं तुमची सही चालते. मी घाई करत नाही. पण आमची मीटिंग तीनला आहे आणि तिथं हा कागद लागेल. नाहीतर पुढचा विचार पुढच्या वर्षी."

त्यांनी पेन दुसऱ्या रेघेवर आणून ठेवलं.

रुमाईसा दाराला टेकून उभी होती. "सही केलीस आणि संध्याकाळी आबा घरी आले, तर जेवायला बसशील त्यांच्यासमोर?"

"नंतर रद्द करता येईल."

"काय रद्द? सही, का आबा?"

बाहेर बायकांनी सूर धरला होता. धोंडाआत्या आबांच्या लहानपणाचं सांगत होत्या, गेणू कसा झाडावरून पडला आणि उठून आधी आंबा शोधायला लागला. मला तीस शाखा दिसत होत्या. बाणेरला एक, हिंजवडीला दोन. मी पेन उचललं. टोक कागदाला लावलं. 'सं' लिहिला.

मागचं दार उघडलं. माल येतो ते. आबा आत आले, खांद्यावर गोणी.

मळका सदरा, पांढरी टोपी, धापा. गोणी त्यांनी हळू उतरवली. जिवंत होते. इतके जिवंत, की घामाचा वास आला. मला उठून मिठी मारायची होती. मी पेनवर तळहात ठेवून झाकलं.

मॅडमनी आबांकडे पाहिलं. प्रत्यक्ष त्या कधी भेटल्या नव्हत्या, फोटोतली टोपी वेगळी होती, आणि भिंतीवरचा माणूस सत्त्याऐंशीत वारलेला होता. त्यांना ओळखता आलं नाही.

"हे कोण?"

उत्तर एका शब्दाचं होतं. आजोबा. तीन अक्षरं. मी मनात म्हणून पाहिलं, नीट जमत होतं. पण तो शब्द बाहेर आला, की भिंतीवरची गोष्ट जाणार होती, गोष्टीसोबत मॅडम आणि मॅडमसोबत तीनची मीटिंग. आबांना मी नंतर समजावून सांगू शकलो असतो. त्यांना मी नेहमीच नंतर समजावून सांगत आलोय.

"कणसं पुरवतात," मी म्हणालो.

रुमाईसानं डोळे मिटले.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग कागदाकडे, मग माझ्या हाताखालून डोकावणाऱ्या 'सं' कडे. मान हलवली, हिशेब पटल्यासारखी.

"व्हय," ते मॅडमना म्हणाले. "कनसं पुरवतो."

तेवढ्यात धोंडाआत्या गॅस कुणी पुन्हा चालू केला नाही ना, हे बघायला आत आल्या. भावाला पाहून त्या किंचाळल्या नाहीत. कमरेवर हात ठेवले.

"कुटं हुतास रं मुडद्या? सारं गाव तुज्यासाटी खोळंबलंय!"

"मयत माजं हाय न्हवं? मग मी कशाला घाई करू?"

"रडून रडून घसा बसला माजा."

"पानी पी."

आत्या बाहेर गेल्या. बाहेर एक बाई मोठ्यानं हसली आणि मग सगळ्याच रडायला लागल्या. या वेळी मनापासून.

मॅडम उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला, मग सावरला. "म्हणजे तुम्हीच... आजोबा, उत्तम झालं. बसा ना. आपण पहिल्या रेघेवर सही घेऊ. गोष्ट तेवढी आहे तशी ठेवू. ती फक्त गोष्ट आहे."

आबा बसले नाहीत. त्यांनी गोणीचं तोंड सोडलं आणि ती फरशीवर उलटी केली. त्यातून एकही कणीस पडलं नाही. लाल अॅक्रिलिकचे दोन मोठे शब्द पडले. 'गेणू' आणि 'गेणू'. एकाचा उकार तडकला होता.

"सकाळच्या पयल्या जीपनं निगालो," आबा म्हणाले. "म्हनलं, सही करन्याआदी आपलं नाव कुटं कुटं लागलंय ते बघून यावं. आदी सुदुंबरं. भितीवं वाचलं. मंग वराळं. तितंबी त्येच. पोरास्नी म्हनलं, बोर्डावरचं माजं नाव काडून द्या. फोटोतला मानूस म्होरं हुबा, पोरं न्हाई कशी म्हनतील? दिलं."

सात कॉल मला तेव्हा समजले.

"सत्त्याऐंशी साली म्या भुशीच्या रस्त्याला पयली शेगडी मांडली, संदेश. ते साल तुला म्या सांगितलं हुतं. तू त्याच साली मला मारलास."

आबा मला कधी संदेश म्हणत नाहीत. संद्या म्हणतात.

"आबा, मी बदलणार होतो."

"व्हय. मलाबी तसंच वाटलं. म्हनून ही टाकून न्हाई दिली, वागवत आनली. म्हनलं, पोरगं चारचौघांत काय म्हनतंय ते ऐकावं. आजा हाय म्हनला, तर हीच अक्षरं परत लावू, सही बी देऊ. गोष्टीचं मंग बघू." ते वाकून एकेक शब्द गोणीत परत भरू लागले. "पन तूबी खोटं न्हाई बोललास. कनसं पुरवतो मी. तेवढं पुरवीन."

मग ते पुढच्या दालनात गेले. लोक बाजूला झाले. त्यांनी स्वतःच्या फोटोवरचा हार काढून खिळ्याला अडकवला, फोटो काखेत धरला आणि पप्पूंना म्हणाले, "भाऊ, पान्हा हाय का?"

पप्पूंना सकाळच्या प्रकाराचं इतकं वाईट वाटलं होतं, की ते स्टूल आणि पान्हा घेऊन धावतच गेले. चार मिनिटांत तिसरा 'गेणू' खाली आला. मी बघत होतो. अडवलं नाही. कुठल्या नात्याने अडवणार?

आबा गोणी घेऊन आत्यांच्या जीपमध्ये पुढं बसले. जीप गेली. मॅडमनी कागदाची घडी घातली आणि जाताना रुमाईसाकडून आणखी एक पिठल्याची गुंडाळी बांधून घेतली. पुढचं वर्ष म्हणाल्या होत्या, त्यातलं 'पुढचं' एवढंही या वेळी म्हणाल्या नाहीत.

याला आता पाच महिने झाले. तिन्ही शाखांवर 'डॉन' एवढाच बोर्ड आहे. भिंतीवरची गोष्ट मी त्याच संध्याकाळी खरवडून काढली, पण रंग निघाला आणि निधनाचं साल गिलाव्यात उमटलेलं राहिलं. पप्पू रोज सकाळी रिकाम्या खिळ्याला ताजा हार घालतात. सवय आहे, म्हणतात. दर गुरुवारी मागचं दार वाजतं. आबा कणसांची गोणी उतरवतात. मी म्हणतो, "आबा, चहा घ्या." ते म्हणतात, "न्हाई, शेट. जीप हाय."

शेट.

रुमाईसा म्हणाली, माफी माग. मागितली, तीनदा. आबा म्हणाले, "कशाची? कनसं चांगली न्हाईत का?" म्हणून शेवटी मी रीतसर मार्ग धरला. खालील अर्ज आज टपालाने पाठवला आहे.

प्रति,
मा. निबंधक,
व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालय.

विषय : बोललेल्या एका वाक्यात पूर्वलक्षी प्रभावाने दुरुस्ती करून मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराने गुरुवारी दुपारी बाराच्या सुमारास, मालाच्या खोलीत, दोन साक्षीदारांसमक्ष व संबंधित इसम स्वतः हजर असताना, "हे कोण?" या प्रश्नास "कणसं पुरवतात" असे उत्तर दिले. सदर उत्तर वस्तुस्थितीस धरून असले तरी अपूर्ण आहे. अर्जदारास कोणतेही नाव, चिन्ह अथवा चेहरा नोंदवून नको आहे. तरी सदर उत्तर आपल्या कार्यालयाच्या अभिलेखातून वगळून, त्या जागी त्याच तारखेपासून व त्याच वेळेपासून "माझे आजोबा आहेत" असे वाचण्यात यावे, तसा आदेश निर्गमित करावा, आणि आदेशाची एक प्रत गेणू, कणीसवाले, पवनानगर यांना पहिल्या जीपने पोच करण्यात यावी, ही नम्र विनंती.